उपासनामंदिराची वाढ व विश्वासाची कसोटी

देवाच्या कृपेने खेड्यापाड्यांतील पुष्कळ लहान मंडळ्यांपुढे सांप्रत एक आनंदाची अडचण उभी आहे. आज्यापणज्यांच्या काळी बांधलेले उपासनामंदिर पन्नास माणसांचे, आणि प्रभुवारी येणारी माणसे ऐंशी. नाताळात व कापणीच्या सणाला बायाबापड्या व लेकरे बाहेर लिंबाखाली बसतात; त्यांस वचन धड ऐकू येत नाही, आणि पावसाळ्यात तर तीही सोय राहत नाही. तेव्हा एक भिंत पुढे सरकवावी, पडवी काढावी, निदान पत्रा तरी वाढवावा, असे सर्वांस वाटू लागते. मग पंचांची बैठक भरते, आणि तेथे तीन मते निघतात. एक बंधू म्हणतो, कर्ज काढून काम सुरू करा, देव फेडील, विश्वास हवा. दुसरा म्हणतो, शेवटचा रुपया हाती आल्यावाचून कुदळ मारू नका, हाच खरा विश्वास. तिसरा म्हणतो, शहरातील मोठ्या मंडळीस किंवा परदेशातील मित्रांस पत्र लिहा, देव त्यांची मने वळवील असा विश्वास धरा. तिघेही प्रार्थना करूनच बोलतात, आणि तिघांच्याही तोंडी विश्वास हाच शब्द असतो. मग ह्या तिघांत विश्वास कोणाचा, असा प्रश्न आहे.

हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा दिसतो, परंतु तो अंतःकरणाचा आहे. चुकीच्या रीतीने उभारलेली भिंत दिसायला सरळ असली तरी तिच्यापायी मंडळी वाकडी होते. वर्गणी देता आली नाही म्हणून एखादे गरीब घर लाजेने उपासनेस येण्याचे सोडते. कर्जाच्या हप्त्यावरून पंचांत वितुष्ट येते. ज्याने मोठी रक्कम दिली त्याच्या मर्जीवाचून मंडळीत पान हालत नाही. इमारत वाढली आणि माणसे कमी झाली, तर आम्ही काय बांधले? म्हणून कुदळ मारण्यापूर्वी विश्वास म्हणजे काय ह्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम हे पाहू की विश्वास व देवाची परीक्षा पाहणे ह्यांत अंतर आहे. सैतानाने आपल्या प्रभूला मंदिराच्या शिखरावर नेऊन उडी टाकण्यास सांगितले, तेव्हा त्याच्याही तोंडी शास्त्रातील अभिवचनच होते. अभिवचन खोटे नव्हते. तरी प्रभूने उडी टाकली नाही, कारण पित्याने ती टाकण्यास सांगितले नव्हते. ह्यावरून दिसते की देव समर्थ आहे एवढे ठाऊक असणे पुरेसे नाही. आपण जे करू म्हणतो ते त्याच्या सांगण्यावरून करतो की आपल्या हौसेखातर, हेही पाहिले पाहिजे. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात बुरूज बांधू इच्छिणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. तो शिष्यत्वाविषयी आहे हे खरे; तथापि आधी खाली बसून खर्चाचा अंदाज घेणारा मनुष्य शहाणा, आणि पाया घालून काम अर्धवट टाकणारा हास्यास पात्र, हे प्रभूनेच त्यात दाखविले आहे. तेव्हा जमाखर्च मांडणे म्हणजे अविश्वास, असे जे काही भाविक समजतात, ते प्रभूपेक्षा अधिक भाविक होऊ पाहतात.

परंतु केवळ हिशेब मांडीत बसणाऱ्यासही शास्त्र सोडीत नाही. हाग्गय संदेष्ट्याच्या काळी लोक म्हणत होते की मंदिर बांधण्याची वेळ अजून आली नाही. आणि ते असे म्हणत असता त्यांची स्वतःची घरे लाकडी तक्तपोशीने सजलेली होती. त्यांची अडचण पैशाची नव्हती. देवाच्या कामाला तेवढा पैसा नसे, स्वतःच्या कामाला असे. आमच्यातही घरच्या लग्नात तीन दिवस मांडव गाजतो, आणि उपासनामंदिराचा गळका पत्रा तीन पावसाळे तसाच राहतो. अशा ठिकाणी ‘पैसा जमू द्या’ हे शब्द शहाणपणाचे नसून आळसावरचे पांघरूण होत.

मग कसोटी कोणती? आमच्या मते ती दावीद राजाच्या एका वागणुकीत स्पष्ट सापडते. यबूसी अरवना ह्याचे खळे वेदी बांधण्यासाठी दाविदाला हवे होते. अरवना मोठ्या मनाचा. त्याने खळे, बैल व लाकडे सर्व फुकट देऊ केले. राजाने ते घेतले असते तर कोणी नाव ठेवले नसते. परंतु ज्याची मला काही तोशीस नाही ते मी माझ्या देवाला अर्पणार नाही, ह्या अर्थाचे उत्तर देऊन त्याने पन्नास शेकेल रुपे मोजले व मग वेदी बांधली. पुढे त्याच जागी मंदिर उभे राहिले असे दुसऱ्या इतिहासात सांगितले आहे. ह्यावरून आम्ही असा नियम काढतो की, विश्वास आपले स्वतःचे पणाला लावतो. उतावळेपणा दुसऱ्याचे पणाला लावतो. पंचांच्या बैठकीत जी योजना पुढे येईल तिला एवढेच विचारावे: ह्यात आम्ही आमचे काय देत आहो, आणि न विचारता कोणाचे काय घेत आहो?

कर्जाचा मार्ग ह्या कसोटीवर घासून पाहू. ‘देव फेडील’ असे म्हणणारा बंधू बहुधा स्वतः फेडणारा नसतो. पाळकाची बदली होते, पंच बदलतात, आणि हप्ता मात्र राहतो. तो फेडतात ती आज शाळेत जाणारी मुले व ज्यांना कोणी विचारले नाही त्या विधवा. शलमोनाच्या मंदिराचे वैभव आम्ही आनंदाने वाचतो, पण त्याच राजांच्या पुस्तकात त्याचा खर्चही लिहिलेला आहे. तीस हजार माणसे वेठीस धरून दर महिन्यास दहा हजारांप्रमाणे लबानोनावर धाडलेली होती. सोर येथील राजा हीराम ह्याने गंधसरू, देवदारू व सोने पुरविले, आणि मंदिर व राजवाडा ही दोन्ही कामे संपल्यावर गालील प्रांतातील वीस नगरे त्याच्या हवाली केली गेली. त्या नगरांतील लोकांना कोणी विचारले होते काय? आणि शलमोन मेल्यावर लोकांनी रहबामाजवळ पहिली तक्रार केली ती जड जुवाची. राज्य दुभंगले. वेठ व जड जू ह्यांचा दोष दगडांवर टाकता येत नाही. उलट अलीशाकडे आलेल्या कर्जबाजारी विधवेची गोष्ट पाहा. सावकार तिच्या दोन मुलांना दास करून नेण्यास आला होता. संदेष्ट्याने तिला दुसऱ्या सावकाराचे नाव सांगितले नाही; तुझ्या घरात काय आहे, एवढेच विचारले. घरात तेलाची एक कुपी होती. शेजाऱ्यांकडून तिने उसने आणले ते पैसे नव्हते, रिकामी भांडी होती. आणि तेल विकून आलेल्या पैशांतून आधी देणे फेडावे अशी तिला आज्ञा झाली.

येथे कायद्याचीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जेथे मंडळीची मालमत्ता सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे, तेथे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विश्वस्तांस न्यासाकरिता कर्ज काढता येत नाही. मग काही ठिकाणी पाळक किंवा एखादा पंच आपल्या नावावर, बायकोच्या बचत गटातून अथवा सावकाराकडून, मंडळीसाठी पैसे उचलतो. हेतू चांगला असतो; परंतु ते ओझे मंडळीचे असून एका घराच्या चुलीवर येऊन बसते. अशा पैशाने बांधलेल्या छताखाली मंडळीने निश्चिंत बसू नये.

दुसरा मार्ग जबरदस्तीचा. तो उघड कोणी सुचवीत नाही, पण पुष्कळदा चालतो. घरपट्टीप्रमाणे दर घरामागे सारखी रक्कम ठरते, उपासनेच्या शेवटी नावांची यादी वाचली जाते, आणि ज्याच्या नावापुढे काही नाही तो मान खाली घालून बाहेर जातो. कापणीच्या सणाला आणलेली कोंबडी, भोपळा, ज्वारीची कणसे ह्यांचा लिलाव होतो, ही आमची जुनी व गोड चाल आहे. पण तीतही कधी दोन घरांची ईर्षा पेटते, आणि बोली देवासाठी न होता शेजाऱ्यासाठी होते. आमच्या भागातील कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल हीच त्यांची वर्षाची शिल्लक, आणि ती फेडण्यासाठी नवराबायकोचा कोयता सहा सहा महिने चालतो. त्या उचलीतून मंदिरासाठी वर्गणी मागणे म्हणजे अजून न केलेली मजुरी देवाच्या नावाने गहाण टाकणे होय. प्रभूने परूश्यांस कुर्बानाविषयी जे सुनावले ते विसरू नये. आईबापांना द्यावयाचे ते देवाला वाहिले असे म्हणणाऱ्याला त्याने शाबासकी दिली नाही. म्हाताऱ्या आईचे औषध, मुलीच्या शाळेचे शुल्क, दुकानदाराची उधारी, ही देणी टाळून आलेला पैसा पंचांनी प्रेमाने परत करावा. परत करण्याचे धैर्य हाही विश्वासच आहे.

ज्या मंडळीचे नाव प्रोटेस्टंट, तिने तर ही गोष्ट कधीच विसरता कामा नये. आमची चळवळ ज्या वादातून निघाली त्याच्या मुळाशी एका मंदिराचे बांधकाम होते. रोम येथील संत पेत्राच्या भव्य मंदिरासाठी दहाव्या लिओ पोपने पापदंडाच्या क्षमापत्रांची विक्री चालविली. जर्मनीत माइन्त्सचा आर्चबिशप आल्ब्रेख्त ह्याने आपले पद मिळविण्यासाठी आउग्सबुर्गच्या फुगर पेढीकडून कर्ज काढले होते, आणि ह्या विक्रीतील निम्मा भाग ते कर्ज फेडण्याकडे जात असे. १५१७ साली मार्टिन लूथरने जी पंचाण्णव विधाने मांडली त्यांत त्याने हेही विचारले की, एवढा धनवान पोप गरीब भाविकांच्या पैशांऐवजी स्वतःच्या पैशाने हे मंदिर का बांधीत नाही. कर्ज, धाक व इमारत ही तिन्ही एका दोरीत बांधली गेली म्हणजे काय होते, हे त्या इतिहासात दिसते. त्याच्या उलट मोशेच्या काळचा निवासमंडप पाहा. तेथे ज्याच्या मनाला स्फूर्ती झाली त्यानेच आणावे अशी आज्ञा होती. कोणी सोने आणले, कोणी बकऱ्याचे केस कातून आणले. आणि शेवटी कारागिरांनीच येऊन सांगितले की आता पुरे, लोक गरजेपेक्षा अधिक आणीत आहेत, तेव्हा मोशेने दवंडी पिटवून आणणे थांबविले. मागण्याप्रमाणे थांबविणेही ज्याला येते, त्याच्याजवळ लोक विश्वासाने देतात.

तिसरा मार्ग बाहेरच्या मदतीचा. तो पाप आहे असे आम्ही म्हणत नाही. यरुशलेमेतील गरीब पवित्र जनांसाठी पौलाने मासेदोनिया व अखया ह्या प्रांतांत वर्गणी गोळा केली. मंडळ्या एकमेकींच्या अवयव आहेत, आणि मदत घेणे ही लाजेची गोष्ट नाही. तथापि जी मंडळी पहिल्या दिवशीच बाहेर पाहू लागते तिच्या हाताला देण्याची सवय लागत नाही, आणि घेण्याची लागते. १८९० साली शांतुंग प्रांतातील मिशनरी जॉन नीव्हियस कोरियातील सेऊल येथे गेला असता त्याने तेथील तरुण मिशनऱ्यांस एक गोष्ट आग्रहाने सांगितली: उपासनामंदिरे तेथील विश्वासणाऱ्यांनी स्वतःच्या ऐपतीने व आपल्या देशी घरांच्या धाटणीची बांधावी. कोरियातील प्रेस्बिटेरियन मिशनने ही पद्धत पत्करली. त्या साध्या मंदिरांतून पुढे जी मंडळी वाढली तिने आपले उपदेशक दूरच्या देशांत पाठविले. आमच्या देशातही आता परदेशी पैशाची वाट पूर्वीसारखी मोकळी नाही. २०१० च्या परदेशी देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा परवानगी असल्यावाचून तो घेता येत नाही, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला मिळालेली अशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळविताही येत नाही. कित्येकांस ह्यात संकट दिसते. आम्हांस वाटते, त्यात देवाचा प्रश्नही ऐकावा, जो त्याने अलीशाच्या तोंडून विचारला: तुझ्या घरात काय आहे?

‘विश्वासाने चालणारे काम’ म्हटले की पुष्कळांस ब्रिस्टल येथील जॉर्ज म्यूलर ह्यांची आठवण होते, आणि पैसा नसता काम काढण्यास त्यांचे उदाहरण दिले जाते. पण म्यूलर ह्यांनी नेमके काय केले ते पाहावे. अनाथ मुलांसाठी भाड्याची घरे अपुरी पडून शेजाऱ्यांची तक्रार आली, तेव्हा १८४५ साली स्वतंत्र इमारतीचा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी ठरविले की कोणा मनुष्याजवळ पैसा मागावयाचा नाही, कर्ज काढावयाचे नाही, आणि पुरेसा पैसा हाती आल्यावाचून बांधकाम सुरू करावयाचे नाही. ते प्रार्थना करीत व वाट पाहत राहिले. १८४९ साली अ‍ॅशली डाउन येथील पहिले घर उघडले, आणि १८७० पर्यंत तेथे अशी पाच घरे झाली. एकेका पैशाची नोंद ठेवून ते दरवर्षी वृत्तांत छापीत. ह्यावरून दिसते की त्या विश्वासू पुरुषाचा विश्वास मोठा असूनही उतावळा नव्हता. थांबण्याने तो क्षीण झाला नाही.

आणि आमच्याच महाराष्ट्रातील पंडिता रमाबाई पाहा. १८८७ साली अमेरिकेतील बॉस्टन येथे स्थापन झालेल्या मंडळाने त्यांच्या कार्यास दहा वर्षे साहाय्य देण्याचे वचन दिले, आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. पण ती मुदत संपण्याची वाट पाहत बाई बसल्या नाहीत. त्यांनी पुण्यापलीकडे केडगाव येथे जमीन घेऊन फळझाडे लावली, हेतू हा की पुढे त्या उत्पन्नावर संस्थेस आधार मिळावा. प्रार्थना व कुदळ ही दोन्ही त्यांच्याजवळ होती. प्रार्थना केली म्हणून त्यांनी खड्डे खणणे सोडले नाही, आणि खड्डे खणले म्हणून प्रार्थना सोडली नाही.

आता आमच्या घरात काय आहे ते मोजू. ईशान्येकडील मिझोराममध्ये, जेव्हा त्या प्रदेशास लुशाई टेकड्या म्हणत, तेव्हा १९१० साली प्रेस्बिटेरियन मंडळीतील स्त्रियांनी एक रीत घातली. स्वयंपाकाच्या वेळी भांड्यात तांदूळ घालताना त्यांतून एक मूठ देवासाठी बाजूस काढावयाची. तिला त्यांच्या भाषेत बुहफाइ थाम, म्हणजे मूठभर तांदूळ, म्हणतात. ती रीत आजही चालू आहे, आणि त्या मुठींतून सुवार्तेच्या कामास मोठे बळ मिळाले आहे. चाळीस घरांच्या एका मंडळीने असे केले तर काय होईल ते पाहू. मूठ पन्नास ग्रॅमची धरू, दिवसाला दोन मुठी, आणि ऊसतोडीचे महिने सोडून वर्षातील दोनशे दिवस. एका घराचे वीस किलो, चाळीस घरांचे आठ क्विंटल. किलोला तीस रुपये धरले तर चोवीस हजार रुपये झाले. गवंड्याने पाच लाखांचा आकडा सांगितला असेल, तर नुसत्या मुठीने तो गाठण्यास वीस वर्षांवर काळ लागेल. हे आम्ही लपवीत नाही. जो म्हणेल की मुठीने भिंती आपोआप उठतात, तो भोळ्यांस फसवितो.

परंतु ह्या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली ही की, योजना आमच्या विश्वासाहून मोठी असेल तर तिला लहान करण्यात पाप नाही. पाच लाखांच्या सिमेंटच्या सभागृहाऐवजी यंदा पुढची पडवी, लोखंडी खांब व पत्रा, दोन वर्षांनी कोबा, मग भिंत, असे टप्पे करता येतात. निवासमंडपही पडदे व फळ्यांचाच होता, आणि देवाचे तेज त्यात भरले. दुसरी ही की, पैसा हे दानाचे एकच रूप नव्हे. आमच्या गावांत इर्जिकेची चाल आहे; एकाच्या शेतावर सारा गाव बैल व अवजारे घेऊन येतो आणि दिवसात काम उरकतो. मंदिराचा पाया खणण्यास, वाळू उपसण्यास, विटा वाहण्यास तशीच इर्जिक का होऊ नये? नहेम्याच्या पुस्तकात यरुशलेमेचा कोट कसा उठला ते वाचा. सोनार, गंधी, व्यापारी, शल्लूमाच्या मुली, जो तो आपापल्या वाट्याचा भाग उभारीत होता, आणि कित्येकांनी तर आपल्या घरासमोरचाच भाग बांधला. ज्या विधवेजवळ पैसा नाही ती गवंड्यांना पाणी आणून देईल, आणि तिचे नाव यादीत नसले तरी भिंतीत राहील. अशा रीतीने आपले देऊन झाले, मग उरलेल्या भागासाठी शेजारच्या मंडळीस पत्र लिहिले, तर ते पत्र भिकेचे होणार नाही. चालत्या कामात भागी होण्याचे ते आमंत्रण ठरेल.

देणाऱ्याचा विश्वास टिकावा म्हणून घेणाऱ्याची स्वच्छता हवी. योवाश राजाच्या काळी मंदिराच्या डागडुजीचा पैसा याजकांच्या हाती जात असे, आणि राजाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत डागडुजी झाली नव्हती. तेव्हा झाकणास भोक पाडलेली एक पेटी वेदीजवळ ठेवली. पैसा साचला की राजाचा चिटणीस व मुख्य याजक दोघे मिळून तो मोजीत, थैल्यांत बांधीत व कामावरच्या माणसांच्या हाती देत. मग काम झाले. लोक तेच होते व देवही तोच. मोजण्याची रीत मात्र बदलली. पौलानेही वर्गणी एकट्याने नेली नाही. तीत व मंडळ्यांनी निवडलेला बंधू बरोबर घेतला, की मनुष्यांच्या दृष्टीनेही ते निर्दोष असावे. म्हणून पेटीला दोन कुलुपे असावी, किल्ल्या दोघांजवळ असाव्या, दर महिन्याचा जमाखर्च दारावर लावावा, आणि जे बंधुभगिनी वाचू शकत नाहीत त्यांस तो वाचून दाखवावा. मात्र वाचावा तो एकूण जमेचा व खर्चाचा. कोणी किती दिले ह्याचा नव्हे.

ह्याला एक खोल कारण आहे. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळांच्या आज्यापणज्यांना एके काळी देवळाच्या पायरीखालीच उभे राहावे लागले. ख्रिस्ताच्या मंडळीत आल्यावर त्यांस प्रथम कळले की देवाच्या घरात त्यांच्यासाठीही जागा आहे, आणि ती विकत घ्यावी लागत नाही. आता जर वाढविलेल्या मंदिरात मोठ्या देणगीदाराचे नाव दारावरच्या शिळेत कोरले गेले, त्याच्या घरच्यांस पुढचा बाक मिळाला, आणि काही न देऊ शकणारा दाराशी बसला, तर आम्ही जुनी पायरी नव्या विटांनी पुन्हा बांधली असे होईल. सोन्याची अंगठी घातलेल्या मनुष्याविषयी याकोबाने जो इशारा दिला तो आमच्याच दारासाठी आहे. तेव्हा शिळेवर नाव कोरावयाचे तर ते प्रभूचे असावे.

शेवटी कोणी विचारील, हे सर्व करूनही पैसा पुरला नाही तर? तर मंडळीने लिंबाखाली बसून उपासना करावी, आणि त्यासाठी देवापुढे शरमिंदे होऊ नये. प्रेषितांच्या काळच्या मंडळ्या घरांतच भरत. फिलेमोनाच्या घरी मंडळी होती असे पौल लिहितो. सीरियात युफ्रातेस नदीच्या काठी दुरा-युरोपस नावाचे जुने शहर होते. १९३० नंतरच्या दशकात तेथे उत्खनन करताना एक ख्रिस्ती उपासनागृह सापडले, जे आज ठाऊक असलेल्या अशा गृहांत अत्यंत जुने गणले जाते. ते इ. स. २४० च्या सुमाराचे आहे. ते मुळात एक साधे राहते घर. विश्वासणाऱ्यांनी दोन खोल्यांमधली भिंत पाडून एक मोठी खोली केली होती, आणि एका लहान खोलीत बाप्तिस्म्याचे कुंड बांधले होते. ज्या काळी ख्रिस्ती म्हणविणे धोक्याचे होते त्या काळी त्या लोकांनी एक भिंत पाडली, आणि तेवढ्याने मंडळीला जागा झाली. सतराशे वर्षांहून अधिक काळ गेल्यावर आमच्यापुढे आहे तो प्रश्नही तेवढाच आहे.

म्हणून, बंधुभगिनींनो, येत्या प्रभुवारी पंचांनी मंडळीपुढे मोठा आकडा ठेवण्याआधी एक रिकामी पेटी ठेवावी, आणि प्रत्येक घराने पहिली मूठ तीत टाकावी. सर्वांत गरीब घराची मूठही सर्वांत श्रीमंत घराच्या मुठीएवढीच धरावी, आणि कोणाची किती हे कोणी पाहू नये. मग सर्वांनी मिळून प्रार्थना करावी की, प्रभो, एवढे आमच्या हाती होते ते आणले आहे. पुढे किती बांधावे व केव्हा बांधावे हे तू दाखव. ज्या मंडळीला एवढे मनापासून म्हणता येईल तिला देव तिच्या गरजेपुरती जागा देईल, आणि ती जागा भरण्यास माणसेही देईल, असा आमचा भरवसा आहे.